फांदी उचलण्याआधी

वर्ना किव्हिनिएमीच्या मते जगात दोनच तऱ्हेची माणसं होती. वाटेवर पडलेली फांदी दिसली की सायकलवरून उतरून ती बाजूला करणारी, आणि हँडल उचलून तिच्यावरून उडी मारून जाणारी. पहिल्या तऱ्हेत ती स्वतः होती, आर्विड होते आणि झालंच तर आणखी चार-पाच जण. दुसऱ्या तऱ्हेत उरलेलं सगळं गाव होतं, आणि गावाच्या सगळ्यात पुढे तिचा धाकटा भाऊ वाइनो.

"तुला फांद्या उचलायची हौस आहे," वाइनो म्हणायचा. "मी उचलायला लागलो तर तू दिवसभर करशील काय?"

"आणि तुझ्या मागून येणारा त्या फांदीवर आपटला तर?"

"माझ्या मागून तूच येतेस. आणि तू कशाला आपटतेस? तुझ्या वेगाने गोगलगाय आपटत नाही."

पंचावन्न वर्षांची वर्ना सकाळ-दुपार शाळेची बस चालवायची आणि मधले पाच तास डोंगरात असायची. तांब्याची खाण बंद पडून डोंगर रिकामा झाला, तेव्हा बावीस वर्षांपूर्वी तिने आणि आर्विड हाताया यांनी दाताळं आणि कुदळ घेऊन पहिली सायकलवाट काढली. आर्विड तिच्या वडिलांबरोबर खाणीत होते. गावाने तेव्हा दोघांना खुळ्यात काढलं होतं. आता त्या डोंगरावर सतरा वाटा आहेत, उन्हाळ्यात परराज्यातल्या गाड्या येऊन उभ्या राहतात, आणि खुळ्यात काढणारे लोक आपणच त्या वाटा काढल्यासारखे पाहुण्यांना रस्ता सांगतात. वर्नाला याचा राग येतो आणि अभिमानही वाटतो. पण ती दाखवते फक्त राग.

वाटांचे नियम तिचेच. उताराच्या वाटेने कोणीही, कधीही, कसल्याही कारणासाठी वर चढायचं नाही. तशी लाल रंगातली पाटी प्रत्येक वाटेच्या पायथ्याशी तिने स्वतःच्या हाताने रंगवलेली आहे. वाट बंद करायची तर तिच्या वरच्या तोंडाशी फांदी आडवी टाकायची, मध्ये कुठेही काही ठेवायचं नाही, कारण वेगात येणाऱ्याला मधला अडथळाच मारतो. आणि ती फांदी करवतीने कापलेली हवी. वाऱ्याने मोडलेल्या फांदीचं टोक फाटलेलं असतं, माणसाने टाकलेलीचं सपाट. तेव्हा उचलण्याआधी टोक बघायचं. फाटलेलं असेल तर उचला, सपाट असेल तर मागे फिरा. नव्या माणसाकडून वर्ना हे पाठ म्हणून घ्यायची. तिच्या बसमधली पहिलीची मुलंसुद्धा हे म्हणून दाखवायची.

त्या ऑक्टोबरात बुधवारी रात्री तळ्यावरून असा वारा सुटला की गावातल्या निम्म्या घरांची छपरं खडखडली. गुरुवारी वर्नाला दाताच्या डॉक्टरकडे जावं लागलं. शुक्रवारी सकाळची फेरी संपवून ती थेट डोंगरावर गेली आणि फांद्या उचलायला लागली. मेपलच्या, बर्चच्या, हाताएवढ्या, मांडीएवढ्या. पहिल्या दहा-बारा फांद्यांची टोकं तिने बघितली असतील. मग हात आपोआप चालायला लागले. उतर, उचल, फेक, चढ. अकरा वाजेपर्यंत पाठीचा कणा बोलायला लागला. साडेअकराच्या सुमारास ती अगदी माथ्यावर पोचली. 'आंबट दूध' या वाटेच्या तोंडावरून जाताना तिथलीही एक फांदी ओढून नेच्यांच्या झुडपात टाकली, आणि भूक लागली म्हणून जंगलखात्याच्या कच्च्या रस्त्याने खाली उतरली. 'आंबट दूध' उद्या उतरून बघू, असं तिने ठरवलं होतं.

गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात ती पावणेदोनला गेली, करवतीच्या तेलासाठी. तिथे आर्विड बोल्टांच्या खणापुढे उभे होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा उंच माणूस, आता थोडा वाकलेला, हातात एक बोल्ट धरून त्याच्याकडे नुसता बघत होता.

"काय हो आर्विड, त्याच्याशी लग्न करायचंय का?"

"दहा इंची हवाय," आर्विड म्हणाले. "फळ्या काढल्या तर खालची तुळईच सडलेली निघाली. लाथ मारली तर पाय आत गेला. तीही तोडून टाकली. आता नवी घालायची."

"कुठली तुळई?"

"आंबट दुधावरच्या साकवाची. सकाळीच गेलो होतो. म्हटलं तीन फळ्या बदलाव्यात, आणि निघालं हे लफडं."

वर्नाने तेलाचा डबा खाली ठेवला. तो साकव एका नाळेवर, डोंगरातल्या अरुंद घळीवर, होता. नाळ दोन पुरुष खोल आणि तळाला नुसते धोंडे. साकवाच्या आधी एक वळण होतं, त्यामुळे वरून येणाऱ्याला तो शेवटच्या क्षणीच दिसायचा. आणि साकवानंतर लगेच उभी चढण, म्हणून जाणकार माणूस त्या वळणात ब्रेक लावतच नसे. उलट जोरात पेडल मारून साकवावरून सुसाट जायचा, म्हणजे चढण फुकटात पार पडायची. नवखा माणूस कदाचित वाचला असता. जाणकार सरळ हवेत गेला असता.

"साकव उघडा आहे?" तिने विचारलं. "आत्ता? तसाच?"

"वाट बंद केलीय की. वर फांदी टाकली. पाटी न्यायला आलोय."

"वर फांदी नाहीये, आर्विड. मी दोन तासांपूर्वी तिथे होते. वाट मोकळी आहे."

हे ती अगदी ठामपणे बोलली. तिला तसंच आठवत होतं. त्या वाटेचं तोंड तिच्या डोळ्यांसमोर स्वच्छ, मोकळं उभं होतं.

आर्विडनी बोल्ट खणात परत ठेवला. तो चुकीच्या खणात पडला. "टाकली होती," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "टाकली होती ना मी?"

त्या वर्षी आर्विड दोनदा चुकीच्या वारी कामाला आले होते. एकदा गाडी बाजारात ठेवून पायी घरी गेले आणि गाडी चोरीला गेली म्हणून ओरडत राहिले. त्यांची बायको आयलीन शेगडीवर डोळा ठेवून असायची. गावात सगळ्यांना हे माहीत होतं आणि कोणी त्यांच्यासमोर बोलत नव्हतं. वर्नाही बोलली नाही. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

आज शुक्रवार होता. शुक्रवारी वाइनोची लाकूडगिरणीतली पाळी एकला सुटायची. कपडे बदलून, खिमा-बटाटा भरलेली पास्टी चघळत, तो दीडला डोंगराच्या पायथ्याशी यायचा, चाळीस मिनिटांत माथ्यावर चढायचा आणि 'आंबट दूध' उतरायचा. गेली अकरा वर्षं. त्या वाटेवर सगळ्यात कमी वेळ त्याचाच होता आणि तो दर शुक्रवारी स्वतःचाच वेळ मोडायला बघायचा.

"तुम्ही गाडीने माथ्यावर जा," वर्ना म्हणाली. "जमेल तेवढ्या जोरात. मी खालून जाते."

"खालून? उलटी?"

"हो, उलटी!" ती दारातून ओरडली, आणि गल्ल्यावरच्या बाईला म्हणाली, "शाळेत फोन कर. म्हणावं, आज बसला दुसरं कोणीतरी बघा."

डोंगराच्या पायथ्याशी वाइनोची निळी गाडी उभी होती. मागची फळी उघडी, सायकल नाही. वर्नाने घड्याळ बघितलं. एक पंचावन्न. तिने तरी फोन लावून पाहिला. डोंगरावर फोन लागत नाही हे तिला बावीस वर्षं माहीत होतं, आणि वाइनो तो गाडीतच ठेवतो हेही. गाडीच्या आत तो वाजायला लागला.

तिने स्वतःची सायकल उतरवली आणि लाल पाटीच्या बाजूने वर घुसली. शंभर पावलांत सायकल झाडाला टेकवून टाकावी लागली. वाट उतरण्यासाठी काढलेली होती, मुळं आणि दगड असे की चाक वर चढतच नव्हतं. ती पायीच धावायला लागली. म्हणजे पंचावन्नाव्या वर्षी सायकलच्या बुटांत जेवढं धावता येतं तेवढं. साकव इथून सव्वा किलोमीटर वर होता, आणि त्यातला प्रत्येक दगड तिच्या ओळखीचा होता. आज त्या ओळखीचा काही उपयोग नव्हता, दगड सगळे उलट्या बाजूने भेटत होते.

दोन वाजले. म्हणजे वाइनो आता वरच्या कड्यापाशी असेल. तिथे तो पाणी प्यायला थांबतो. देवा, त्याला तहान लागू दे. तिच्या छातीत जाळ झाला होता, तोंडात लोखंडाची चव आली होती. आर्विडचा तिला भयंकर राग येत होता. म्हाताऱ्याला एवढंही लक्षात राहत नाही. आणि राहत नाही तर करवत कशाला हातात घ्यायची? आणि आपण सगळे गप्प बसलो, त्यांना वाईट वाटेल म्हणून. वाईट वाटेल म्हणून आता माझा भाऊ...

उजव्या हाताला, नाळेच्या कडेने, स्प्रूसची झाडं सुरू झाली. काळपट हिरवी, ओली, सुईसारख्या पानांची. त्यातली एक फांदी नव्याने कापलेली होती. बुंध्याशी पांढरा, ताजा, गोल डाग.

वर्ना थांबली. थांबायला वेळ नव्हता तरी थांबली.

माथ्यावर स्प्रूस नाही. माथ्यावर नुसते मेपल आहेत. आणि आज सकाळी तिने माथ्यावर जी फांदी ओढली होती, ती तिच्या हाताला टोचली होती. ती 'आई गं' म्हणाली होती. मेपल टोचत नाही. हे स्प्रूस इथे कुठून आलं, असं क्षणभर तिच्या मनात आलंही होतं, आणि पुढच्याच क्षणी मनात पास्टी आली होती.

म्हणजे आर्विडनी फांदी टाकली होती. इथून कापून, खांद्यावर घेऊन, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अख्खा डोंगर चढून, अगदी नियमाप्रमाणे टाकली होती. आणि तिने ती उचलली. टोक न बघता.

ती पुढे पळाली.

दोन दहाला ती चढणीवर पोचली आणि समोर नाळ आली. साकव असायचा तिथे नुसतं आकाश होतं. फळ्या पलीकडे नीट रचून ठेवलेल्या, आर्विडच्या पद्धतीने, लहानावर लहान, मोठ्यावर मोठी. खाली धोंड्यांमधून बारीक पाणी वाहत होतं.

ती पूर्ण श्वास ओढून ओरडली, "वाइनो! थांब!"

झाडं हलत होती. वारा अजून पुरता पडला नव्हता. आणि वाइनो तीस वर्षं करवतींच्या आवाजात उभा राहून अर्धा बहिरा झालेला. जेवणाच्या टेबलावर मीठ मागायचं तर त्याच्या बाहीला ओढावं लागायचं. ती आणखी एकदा ओरडली आणि मग ओरडणं सोडून दिलं. ओरडून ती फक्त स्वतःचा दम घालवत होती.

ती नाळेत उतरली. उतरली म्हणजे बसून घसरली. एका धोंड्यावर गुडघा आपटला, पाण्यात एक पाय गेला. पलीकडची दरड ओली माती आणि मुळं. तिने मुळांना धरून वर ओढून घ्यायला सुरुवात केली. अर्ध्यावर एक मूळ हातात आलं आणि ती परत खाली आली. दुसऱ्यांदा ती जिथे दगड पक्का दिसला तिथून चढली. नखांत माती, डोळ्यांत माती. ती वर आली.

आणि तेव्हा तिला ऐकू आलं. वरच्या उतारावरून, झाडांमधून, सायकलच्या मागच्या चाकाची ती कोरडी करकर, पेडल न मारता सायकल सुटली की येते तशी. वाइनोच्या चाकाची करकर ती शंभरांत ओळखेल. मग करकर बंद झाली. म्हणजे त्याने पेडल मारायला घेतलं होतं. वळणाच्या आधीचं.

हाताशी एक फांदी होती. क्षणभर तिने ती उचललीही. आणि मग तिच्या लक्षात आलं की हा दुसरा कोणी नाही, हा वाइनो आहे. हा फांदीवरून उडी मारेल आणि आणखी वेगात नाळेत जाईल.

तिने फांदी टाकून दिली, वळणाच्या वरच्या टोकाला धावली आणि वाटेच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभी राहिली.

वाइनो झाडांमधून बाहेर आला तेव्हा त्याचं डोकं हँडलवर होतं. त्याने वर बघितलं. त्याचं तोंड उघडलेलं तिला दिसलं. दोन्ही ब्रेक एकदम लागले, मागचं चाक बाजूला फिरलं, आणि आडवी झालेली सायकल आणि आडवा झालेला वाइनो दोन्ही तिच्यावर आले. तिच्या खांद्यात काहीतरी कडकन मोडलं. ती नेच्यांमध्ये पडली आणि तिच्यावर वाइनो पडला. सायकल मात्र थांबली नाही. ती एकटीच घसरत वळणातून गेली, काठावरून दिसेनाशी झाली, आणि मग बराच वेळ गेल्यासारखं वाटलं, आणि मग खाली धोंड्यांवर तिचा आवाज झाला.

वाइनोने तो ऐकला नाही. तो उठून तिच्यावर ओरडत होता.

"वेड लागलंय का तुला? मेलो असतो ना आपण दोघं! उलटी येतेस? पाटी कोणी लावलीय? तूच ना? कसल्याही कारणासाठी नाही, असं कोणी लिहिलंय?" मग त्याने इकडेतिकडे बघितलं. "सायकल कुठंय माझी?"

वर्नाने धडधाकट हाताने दाखवलं. तो वळणातून पुढे गेला. परत आला तेव्हा तो चालत नव्हता, झाडांना धरत होता. तो तिच्याजवळ बसला आणि हेल्मेट काढायचा प्रयत्न करायला लागला. पट्टा सुटेना. तिने एका हाताने तो सोडवून दिला.

"फांदी का नाही टाकली आर्विडनी?" शेवटी तो म्हणाला.

"टाकली होती." तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं, म्हणजे परत सांगायला लागू नये. "मी उचलली. टोक न बघता."

"तू?"

"मी."

"लहानपणी आजोबांची सायकल मला मिळाली," तो म्हणाला, "तो राग अजून गेला नाही का तुझा?" आणि हसायला लागला, आणि हसता हसता त्याला हुंदका आला. तो तिच्या न मोडलेल्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. तीही रडली. दोघांनाही त्याची लाज वाटली नाही.

आर्विड वरून चालत येत होते. त्यांच्या हाका आधी ऐकू आल्या, वाइनोच्या नावाच्या, चिरकलेल्या आवाजातल्या. मग ते दिसले. दोघं जिवंत बसलेली बघून ते वाटेतच एका दगडावर टेकले.

"माझं चुकलं," ते तिथूनच म्हणाले. "वर काहीही नाहीये. मी बघितलं. मला वाटलं मी टाकली. मला ती उचलून नेलेली आठवते, खांद्याला टोचलेली आठवते. सगळं आठवतं. आणि झालेलंच नाही. असं आता व्हायला लागलंय तर..." ते हातांकडे बघत होते. "आज करवत तुला देऊन टाकतो, वाइनो. आयलीन बरोबर सांगते. माझ्या भरवशावर माणसं राहू नयेत."

वर्ना उठली. खांद्यातून कळ गेली तशी तिने दात आवळले आणि ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आर्विड, तुम्ही फांदी टाकली होती. स्प्रूसची. सकाळी ती मी उचलली."

"तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

"मी कधी कोणाला बरं वाटावं म्हणून काही सांगितलंय?"

हे आर्विडना पटण्यासारखं होतं. तरी ते थांबले नाहीत. "किती लांब होती?"

"माझ्यापेक्षा लांब. मला ओढावी लागली."

"कुठे टाकलीस?"

"डाव्या हाताला. नेच्यांत."

"दाखव."

वाइनो म्हणाला, "अहो, तिचं हाड मोडलंय." आर्विडना ते ऐकूच आलं नसावं. वर्ना पुढे निघाली. माथ्यापर्यंतची ती चढण तिने एक हात पोटाशी धरून चढली, दर वीस पावलांवर थांबत, आणि तिच्या मागे ते दोघं. वर पोचल्यावर तिने बोट दाखवलं. आर्विड नेच्यांत शिरले, वाकले आणि फांदी ओढून बाहेर काढली. त्यांनी तिचं टोक बघितलं. सपाट होतं. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, मग परत फिरवला.

"ही मीच कापलीय," ते म्हणाले. "ही मी टाकली होती."

"हो."

"म्हणजे मला आठवतं ते झालं होतं."

"हो, आर्विड. झालं होतं. तुम्ही विसरला नाहीत. मी विसरले."

म्हाताऱ्याचा चेहरा असा काही उजळला की वर्नाला खाली बघावं लागलं. आज तिच्या हातून सख्खा भाऊ मरत होता, आणि त्या चुकीने या माणसाला कोणी त्याचं घर परत दिल्यासारखा आनंद झाला होता. त्यांनी फांदी वाटेच्या तोंडाशी पुन्हा आडवी टाकली, पायाने सरळ केली, आणि वाइनोने वर्नाला आधार देऊन गाडीत बसवलं.

गाडी सुरू करण्याआधी आर्विड तिच्याकडे वळले.

"वर्ना," ते म्हणाले, "हे तू आयलीनला सांगशील का? मी सांगितलं तर ती हो म्हणेल, आणि मान हलवेल, आणि तिला ते खरं वाटणार नाही."

"आधी दवाखाना," वाइनो मागून म्हणाला.

"आधी आयलीन," वर्ना म्हणाली.